गाणी ऐकायची सोडून कागद का पाहता?

जुनी अमेरिकन गाणी आज घरबसल्या ऐकता येत असताना मी त्यांचे छापील कागद, म्हणजे शीट म्युझिक, तासन्‌तास का चाळत बसतो, असे अनेक जण मला विचारतात. तुम्हीही विचारलेत म्हणून सांगतो. रेकॉर्ड घरोघरी पोहोचण्यापूर्वी तिथे गाणे विकत घेणे म्हणजे हा कागद विकत घेणे. तो दुकानातून आणायचा, दिवाणखान्यातल्या पियानोवर ठेवायचा आणि घरच्यांनीच वाजवायचा, गायचा. लोकांना आपल्या घरात काय मांडावेसे वाटत होते, हे म्हणून त्याच्या मुखपृष्ठावरून कळते.

1915 साली न्यूयॉर्कच्या लिओ फाइस्ट या प्रकाशकाने ‘आय डिडन्ट रेझ माय बॉय टू बी अ सोल्जर’ हे गाणे काढले. सैनिक करण्यासाठी मी मुलाला वाढवले नाही, असे त्यातली आई म्हणते आणि मुखपृष्ठावर पिकल्या केसांची ती माउली मुलाला कवटाळून बसली आहे. अमेरिका तेव्हा पहिल्या महायुद्धात उतरलेली नव्हती. एप्रिल 1917 मध्ये ती उतरली आणि त्याच फाइस्टने जॉर्ज एम. कोहन यांच्या ‘ओव्हर देअर’चे हक्क विकत घेतले, या गाण्यात मुलाने आईला अभिमान वाटेल असे वागायचे आहे. त्याच्या एका आवृत्तीवर नॉर्मन रॉकवेल यांनी शेकोटीभोवती गाणारे जवान रंगवले आहेत. पुढे कागद वाचवण्यासाठी गाणी लहान आकारात छापली जाऊ लागली, म्हणजे युद्ध पानाच्या मापातही उतरले. प्रकाशकाला दुटप्पी म्हणण्याची घाई मला करवत नाही, कारण दोन वर्षांत गिऱ्हाईकच बदलले होते.

पाहवत नाहीत अशीही मुखपृष्ठे पुष्कळ आहेत. स्कॉट जॉप्लिन या कृष्णवर्णीय संगीतकाराने 1899 मध्ये ‘मेपल लीफ रॅग’ या पियानोवरच्या रचनेसाठी प्रतीमागे 1 सेंट मिळण्याचा करार केला, त्याच काळात कृष्णवर्णीयांची विद्रूप, हिडीस चित्रे असलेली गाणी सभ्य घरांतल्या पियानोंवर उघडपणे ठेवली जात होती. नुसती चाल ऐकणाऱ्याला त्या चित्रांचा पत्ताही लागत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या लेस्टर लेव्ही यांच्या 29 हजारांहून अधिक गाण्यांच्या संग्रहात अशी पानेही जपलेली आहेत आणि ती काढून टाकली नाहीत, हे मला फार योग्य वाटते.