छपरासाठी कबूल केलेलं दान

मी सरकारी लेखापरीक्षक आहे. त्या दिवशी रस्त्याच्या एका कामाची तपासणी होती. बिलात डांबरी थर ५० मिलिमीटरचा. आम्ही तीन ठिकाणी कोअर, म्हणजे थराची जाडी मोजायला रस्त्यातून कापून काढलेले गोल नमुने, काढले. पहिला हातात घेतला तेव्हा ओला, काळाकुट्ट, कापलेल्या कडेला खडी चमकत होती. पट्टी लावली, ३१. दुसरा २८, तिसरा ३४. पेन्सिलीने प्रत्येकावर आकडा घातला, सह्या घेतल्या.

ठेकेदार आमच्याच चर्चच्या मंडळीचे एल्डर, म्हणजे वडीलधारे पुढारी. संडे स्कूलमध्ये मला पहिलं वचन पाठ करून घेतलं ते त्यांनीच.

दुपारी ते कार्यालयात आले. हातात पाकीट नव्हतं. "बेटा, एकाच कोअरची नोंद घे, बाकीचे खराब जागेचे म्हण. तुला काही देत नाही, तो तुझा अपमान होईल. पण चर्चच्या छपराचं माझं दान या बिलावर अडलंय. देवाच्या घराचं काम थांबवू नकोस."

लाच माझ्यासाठी असती तर नाही म्हणायला क्षणही लागला नसता. ही देवाच्या नावाने आली होती. लाच डोळसालाही आंधळं करते, असं बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या २३व्या अध्यायात आहे. इतकी वर्षं मी ते लोभी माणसाबद्दल समजत होते. त्या खुर्चीत बसून जाणवलं, छपराच्या ओढीनेही डोळ्यांवर झापड येते. पावसाळ्यात गळणारं ते छप्पर मलाही हवंच होतं.

मग येशूला धरून देण्यासाठी यहूदाने घेतलेली ती चांदीची ३० नाणी आठवली. पस्तावून त्याने ती परत केली. रक्ताचं मोल म्हणून मुख्य याजकांनी ती मंदिराच्या भांडारात टाकली नाहीत. पैसे त्यांनीच मोजून दिले होते, तरी भांडाराचा विटाळ त्यांनाही कळत होता.

"अंकल, तिन्ही नोंदी झाल्यात."

"तुझ्या आईला काय सांगू मी?" एवढंच म्हणून ते उठले. दार लागल्यावर मला रडू आवरेना.

संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेले. अहवालातलं सांगता येत नव्हतं. "छपराचं दान घेण्याआधी पैसा कुठून येतो ते देणाऱ्याला विचारा," इतकंच मी बोलले. पाळकसाहेब बराच वेळ गप्प होते. मग बायबलमधला एज्राचा ८वा अध्याय काढला. एज्रा हा बाबेलहून लोकांना यरुशलेमास परत नेणारा याजक. वाटेतल्या शत्रूंपासून देव राखील, या भरवशावर एज्राने राजाकडे शिपाई मागितले नाहीत. मंदिरासाठी दिलेलं चांदी-सोनं मात्र निघताना याजकांच्या हाती तोलून दिलं, आणि यरुशलेमात पोचल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा तोललं. सगळं वजन लिहून ठेवलं. देवावर भरवसा असलेल्याच माणसाने दोनदा तोललं, हे मी कधी नीट वाचलंच नव्हतं. दर रविवारी आपण राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करतो, भ्रष्टाचार जावा म्हणून कळवळून मागतो. पण दान कुठून आलं हे विचारणं मात्र आपल्याला अविश्वास वाटतो. याचं मला फार दुःख होतं.

वसुली लागली. छपराचं काम पुढे ढकललं. काही जण माझ्याशी बोलेनासे झाले. अंकल तीन रविवार आलेच नाहीत.

चौथ्या रविवारी शेवटच्या बाकावर दिसले. उपासना सुटल्यावर मी जवळ गेले. त्यांनी माझा हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही. बोलले मात्र काहीच नाहीत.