नीबूरची पावले मोजताना : चौथी नोंद

तिसऱ्या नोंदीच्या शेवटी अठराव्या शतकातला मोजणीदार प्रवासी कार्स्टन नीबूर इजिप्तच्या सुएझ बंदरात जहाजाची वाट पाहत होता. गेल्या दोन महिन्यांत त्याचा जेद्दा, लुहैया, बैत अल्-फकीह, मोखा आणि साना हा प्रवास वाचून झाला व त्याच्या मुक्कामांच्या टाचण्या भिंतीवरच्या नकाशात टोचून झाल्या. त्याच्यासारखी मोजणी स्वतः करून पाहण्याच्या ज्या दोन प्रयोगांविषयी मागे लिहिले होते, त्यांपैकी एक बऱ्यापैकी साधला आणि दुसरा चांगलाच फसला.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात धाडलेली सहा जणांची मोहीम जानेवारी १७६१ मध्ये कोपनहेगनहून निघाली आणि नोव्हेंबर १७६७ मध्ये तिच्यातला एकटा नीबूर परतला. तो शेतकऱ्याचा मुलगा होता आणि मोहिमेत त्याच्याकडे मोजणीचे काम होते. भाषापंडित फॉन हाफेन आणि निसर्गशास्त्रज्ञ पेटर फोर्सकोल यांच्या तुलनेत त्याच्या विद्वत्तेचा दबदबा मुळीच नव्हता. मला तो आवडतो तो नेमका याच कारणासाठी. बुर्कहार्ट किंवा बर्टन हे एकोणिसाव्या शतकातले प्रवासी वेशांतर करून मक्केला गेले आणि त्यांच्या हकिकतीत, माझ्या मते, त्यांचे स्वतःचे धाडसच अधिक जागा अडवते. नीबूर येमेनमध्ये उघडपणे ख्रिस्ती म्हणून हिंडला, रस्त्यात दिसले ते मोजत गेला आणि लिहीत गेला.

पहिला प्रयोग अक्षांशाचा. नीबूरला हे काम जर्मनीतील ग्योटिंगेनचे खगोलशास्त्रज्ञ टोबियास मायर यांनी शिकवले होते. शिष्य इजिप्तमध्ये असतानाच, फेब्रुवारी १७६२ मध्ये, मायर वारले. नीबूरकडे पितळी क्वाड्रंट, म्हणजे ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजणारे पाव वर्तुळ, होता. मी प्लायवूडच्या पाव वर्तुळावर अंश आखले, कोपऱ्यातून शिशाचा ओळंबा सोडला आणि शीतपेयाची नळी दुर्बिणीच्या जागी चिकटवली. पुण्यातील आमच्या गच्चीवरून बारा रात्री ध्रुवताऱ्याची उंची घेतली, कारण ती जवळजवळ त्या जागेच्या अक्षांशाएवढीच असते. पहिल्या रात्री उत्तर सव्वाएकोणीस अंश आले, म्हणजे पुणे एकदम आळेफाट्याच्याही पुढे सरकले. एका अंशात सुमारे १११ किलोमीटर असतात, हे पाठ असणे निराळे आणि ओळंबा वाऱ्याने हलताना अनुभवणे निराळे. पुढे ओळंब्याचे शिसे पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवले, तेव्हा दोरा स्थिरावला. बारा वाचनांची सरासरी साडेअठरा अंशांच्या, म्हणजे पुण्याच्या खऱ्या अक्षांशाच्या, जवळ आली आहे, पण त्यात चुकांनी एकमेकींना खाल्ल्याचा भाग बराच असावा. शिवाय ध्रुवतारा आज खगोलीय ध्रुवापासून एका अंशाहूनही कमी अंतरावर आहे, तर नीबूरच्या काळी तो जवळजवळ दोन अंश दूर होता, म्हणजे त्याच्या हाती माझ्याएवढाही सोपा तारा नव्हता.

फसलेला प्रयोग पायी केलेल्या नकाशाचा. नीबूरने कैरोचा आराखडा दिशादर्शक आणि पावले यांच्या जोरावर केला, आणि तोही अशा शहरात, जिथे युरोपीय माणसाला घोड्यावर बसण्याची मुभा नव्हती आणि बडा अधिकारी समोरून आला की गाढवावरूनही उतरावे लागे. मी आपला शनिवारवाड्यापासून बाजीराव रस्त्याने विश्रामबागवाडा, तेथून तुळशीबाग, मंडई आणि शिवाजी रस्त्याने परत, असा सुमारे दोन किलोमीटरचा फेरा धरला. माझी शंभर पावले ६८ मीटर भरतात. घरी येऊन रेघा काढल्यावर शेवटचा बिंदू पहिल्याला मिळेचना, कागदावर सत्तर मीटरची फट राहिली. उभ्या केलेल्या दुचाकींच्या रांगेजवळ दिशादर्शकाची सुई वळते, हे दुसऱ्या फेरीत ध्यानात आले. तुळशीबागेतल्या गर्दीत तर पावलांचा हिशेबच तीनदा सुटला.

मंडईजवळ एका दुकानदाराने हातातील वही पाहून विचारले, ‘‘काय साहेब, रस्ता रुंद होणार का?’’ मी छंद म्हणून मोजतो आहे, हे त्यांना अखेरपर्यंत पटले नाही. त्या रात्री इजिप्तचे प्रकरण पुन्हा उघडले. अलेक्झांड्रियात एका तुर्की व्यापाऱ्याने नीबूरच्या दुर्बिणीतून पाहिले, तर समोरचा मनोरा उलटा दिसला, आणि हा फिरंगी शहर उलथे करायला आला आहे, अशी वदंता उठली. पुढे नाईलच्या खोऱ्यातील एका खेड्यात असेच उलटे गाव पाहून शेतकरी घाबरला. नीबूरच्या नोकराने थट्टेने त्याला सांगितले, की सरकार रुष्ट झाले आहे आणि गाव पालथे घालायला याला पाठवले आहे. त्यावर त्या माणसाने निदान बायको आणि गाय बाहेर काढेपर्यंत थांबा, अशी विनवणी केली. नीबूर हे हसत सांगतो, पण महसूल आणि फौज हीच ज्याची सरकारशी ओळख, त्याला मोजणीदाराची भीती वाटणे मला तरी वेडेपणाचे वाटत नाही.

येमेनच्या भागात दोन प्रसंग आमनेसामने ठेवण्याजोगे आहेत. लुहैयात अमीर फरहानने मंडळींचे मनापासून स्वागत केले. तेथे फोर्सकोलने सूक्ष्मदर्शकाखाली ऊ दाखवली, तेव्हा एका नोकराने ती युरोपातलीच असणार, आमच्याकडे एवढी मोठी ऊ नसते, असे ठामपणे सांगितले. मोख्यात मात्र जकातीवर मद्यार्कात ठेवलेल्या माशांचे पिंप उघडले गेले, दुर्गंधी पसरली, मग सापांचे भांडे निघाले, आणि हे लोक मुसलमानांना विष घालायला आले आहेत, असा बोभाटा झाला. त्यांचे सामान खिडकीतून रस्त्यावर फेकण्यात आले. बाटलीतले साप घेऊन आज कोणत्याही विमानतळावर उतरून पाहावे, म्हणजे त्या जकातदाराविषयी थोडी सहानुभूती वाटेल.

याच मोख्यात २५ मे १७६३ रोजी फॉन हाफेन हिवतापाने गेला. ११ जुलैला येमेनमधल्याच यरीम येथे फोर्सकोल, ऑगस्टअखेर मुंबईच्या वाटेवर समुद्रात चित्रकार बाउरेनफाइंड आणि नोकर बर्ग्रेन, आणि फेब्रुवारी १७६४ मध्ये मुंबईत वैद्य क्रामर. दोष हवेचा नसून आपण तिथे युरोपीय रीतीने खात-राहत होतो त्याचा आहे, असे नीबूरने नंतर नमूद केले. डासांविषयी तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती, तरी इतक्या मृत्यूंनंतर त्या देशाला शिव्या न घालणे ही साधी गोष्ट नव्हे. पुढे त्याने स्थानिक पोशाख आणि आहार पत्करला.

भिंतीवरच्या नकाशात या पाच जणांसाठी काळ्या टाचण्या लावल्या आहेत. पुढचा टप्पा आपल्या घरचाच आहे. सप्टेंबर १७६३ ते डिसेंबर १७६४ नीबूर मुंबईत होता, मधे सुरतेला जाऊन आला, आणि घारापुरीच्या लेण्यांचा आराखडा त्याने मोजून काढला. पावसाळा सरला की त्या आराखड्याची प्रत आणि तीस मीटरची फीत घेऊन बेटावर जायचे आहे. फीत धरायला दुसरे माणूस लागेल, आणि लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा येणाऱ्यांनी रविवार मोकळा ठेवावा.