तुम्ही विचारलंत म्हणून: केबल बदलली की आवाज खरंच बदलतो का?

ऑडिओत रस आहे म्हटलं की हा प्रश्न येतोच, चांगली केबल घेतली तर फरक ऐकू येईल का? मी आधी उलटं विचारते, केबलच्या दोन टोकांना काय जोडणार आहात? कारण सगळं त्यावरच आहे.

इलेक्ट्रिक गिटारचं बघा. साध्या पॅसिव्ह पिकअपच्या (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, बॅटरी न लागणारा भाग) कॉइलला भरपूर इंडक्टन्स (करंटमधल्या बदलाला विरोध) असतं, केबलला दर मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याची क्षमता), दोघांचं मिळून ट्रेबलमध्ये, म्हणजे वरच्या पट्टीत, एक पीक (उंचवटा) तयार होतं आणि 3 मीटरच्या जागी 10 मीटरची केबल लावली की ते पीक खाली सरकतं, वरची धार जाते, आवाज गोलसर होतो. हे ज्याला कान आहेत त्याला कळतं. इथे केबल हा वाद्याचाच भाग आहे असं मी अगदी ठामपणे म्हणेन.

आता तीच केबल डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारं यंत्र) आणि अँपच्या (अँप्लिफायरच्या) मध्ये लावा. डॅकचा आउटपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) समजा 100 ओहम, तर 1 मीटर केबलमुळे ट्रेबल उतरायला लागेल ते 16 मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि आपलं ऐकणं 20 किलोहर्ट्झलाच संपतं. मग तिथे चांदीची तार काय नि तांब्याची काय! (हम, म्हणजे घूंऽऽ असा आवाज, येत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा शील्डिंग (केबलवरचं धातूचं आवरण) आणि ग्राउंड लूप (उपकरणांच्या ग्राउंडमधून तयार होणारं वळसा-सर्किट) बघायचाच.)

स्पीकरला मात्र वायरची जाडी लागते. 0.5 चौरस मिलिमीटरची वायर 10 मीटर ओढली तर जाऊन-येऊन रेझिस्टन्स होतो जवळजवळ 0.7 ओहम, आणि स्पीकरवर 8 ओहम लिहिलेलं असलं तरी त्याचा इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे 4 पासून 20 ओहमपर्यंत बदलत असतो, त्यामुळे आवाजाचा काही भाग दुसऱ्यापेक्षा 1 डेसिबलने दबतो. हा फरक ऐकू येऊ शकतो. 2.5 चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर घ्या, तो पाव डेसिबलच्या आत येतो. त्यापुढे वेणी कशी घातलीय, तांबं किती शुद्ध आहे, यावर पैसे घालवू नका असंच मी सांगते.

"पण मला ऐकू आलं!" म्हणणाऱ्याला मी खोटं पाडत नाही. जुना प्लग काढून परत लावला की कॉन्टॅक्टवरचा गंज घासला जातो, तेवढ्यानेही आवाज सुधारतो, आणि व्हॉल्यूम अर्धा डेसिबल जरी वाढला तरी कानाला तो "जास्त क्लिअर" वाटतो. म्हणून लेव्हल मोजून सारखी करा, दुसऱ्या कुणालातरी, तुम्हाला न सांगता, केबल बदलायला लावा आणि कोणती केबल लावलीय ते 16 वेळा ओळखून बघा. 12 किंवा जास्त बरोबर आले तर नुसत्या अंदाजाने तसं व्हायची शक्यता 4 टक्क्यांहून कमी असते, मग मला जरूर कळवा, दोन्ही टोकांना काय होतं तेही सांगा.