इंजिन बदलायला आलेलं गिऱ्हाईक

मी इंग्लंडमध्ये, मिडलंड्स भागातल्या एका छोट्या ट्यूनिंग वर्कशॉपमध्ये काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा गाड्या कारखान्यातून तयार होऊन निघालेल्या नसतात. मालकांनी त्या आपापल्या गॅरेजात, रविवार घालवून, बायकोची बोलणी खात जोडलेल्या असतात. या देशात हा छंद जुना आहे. १९५७ साली लोटस सेव्हन ही छोटी, हलकी स्पोर्ट्स कार आली, तेव्हा तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागायचा, पण सुटे भाग घेऊन घरी जोडली तर तो वाचायचा. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही पळवाट बंद झाली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. टॅक्स वाचायचा बंद झाला, घरी गाडी जोडायची हौस मात्र राहिली.

परवाची गाडी याच जातीची. नळ्यांची चासी, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे, दरवाजे नाहीत, छत नावापुरतं. वजन साडेपाचशे किलोच्या आसपास. आपल्याकडची स्विफ्ट साधारण नऊशे किलोची आणि ऐंशी-नव्वद घोड्यांची असते. इथे तेवढेच घोडे असले तरी ओढायचं ओझं निम्म्याच्या जरासंच वर, म्हणजे गंमत काय असेल ते बघा. मालकाने ती ऐंशीच्या दशकात स्वतः बांधलेली. बॉनेटखाली फोर्डचं १६०० क्रॉसफ्लो.

या इंजिनाचं घराणं १९५९ च्या फोर्ड अँग्लिया गाडीपासून सुरू होतं. क्रॉसफ्लो हेड १९६७ मध्ये आलं, त्यात पेट्रोल-हवा एका बाजूने आत येते आणि धूर दुसऱ्या बाजूने बाहेर जातो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम खाली ब्लॉकमध्ये, त्यावर टॅपेट, वर पुशरॉड आणि रॉकर, एकूण आठ व्हॉल्व्ह. आणखी एक खोड म्हणजे हेडचा तळ जवळपास सपाट असतो, जळण्याची वाटी पिस्टनच्या माथ्यातच कोरलेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेल इंजिनं बांधत वाढलेल्या माणसाला हे इंजिन परकं वाटत नाही. उघडलं की सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं.

गिऱ्हाईक ठरवूनच आलं होतं. गाडीच्या मागे ट्रेलर आणि त्यात ताडपत्रीखाली एक झेटेक, फोर्डचंच नंतरचं इंजिन. दोन लिटर, सोळा व्हॉल्व्ह, एका मोडीत काढलेल्या फोकसमधून स्वस्तात मिळालेलं. हे घालायला किती घ्याल, एवढाच त्यांचा प्रश्न. जुनं इंजिन "संपलंय" म्हणाले. चढावर दम टाकतं, साडेचार हजार फेऱ्यांच्या वर फिरायलाच मागत नाही, आणि कार्बोरेटरमधून बॅक मारतं (उलटा भडका उडवतं).

आमच्या मालकांचा एक शिरस्ता आहे. जे इंजिन काढायचं ते आधी रोलरवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चालवून बघायचं. गिऱ्हाइकांना हा फुकटचा खर्च वाटतो. मला विचाराल तर आमच्या धंद्यातली हीच सगळ्यात प्रामाणिक सवय आहे.

रोलरवर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला. चार हजारांपर्यंत आलेख बरा चढला, मग आडवा झाला, आणि पाच हजारांच्या आधीच फट्-फट् करत कार्बोरेटरच्या तोंडातून ज्वाळेची जीभ बाहेर आली. चाकांवर मिळाले ७४ घोडे. या कॅमचं आणि दोन वेबर ४० कार्बोरेटरांचं इंजिन चाकांवर शंभर तरी द्यायला हवं.

कार्बोरेटरमधून बॅक मारलं की कुणीही म्हणेल, मिक्श्चर पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, तर जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) मोठे घाला. या गृहस्थांनी तेच केलं होतं. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या पंपांवर साधं पेट्रोल ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) झालं. इथेनॉलमुळे मिक्श्चर किंचित पातळ पडतं, हे खरंच आहे. त्यामुळे त्यांनी दोष पेट्रोलवर ढकलला आणि मेन जेट वाढवत नेले. वेबरचा एक ढोबळ हिशेब असतो: व्हेंच्युरीच्या (कार्बोरेटरातल्या हवेच्या अरुंद गळ्याच्या) मापाची चौपट केली की मेन जेटचा आकडा जवळपास मिळतो. ३२ च्या व्हेंच्युरीला १३० हा आकडा धरून सुरुवात करायची. यांचे जेट निघाले १५० चे. आयडल जेटही वाढवलेले. प्लग काढले तर चारही काजळीने माखलेले. इतकं जाड मिक्श्चर असूनही बॅक मारतंय, म्हणजे दुखणं कार्बोरेटरात नव्हतंच.

मग एकेक गोष्ट बाद करत गेलो. टायमिंग लाइट लावून बघितलं, ॲडव्हान्स (ठिणगीची वेळ) जागेवर. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांचं १७० पीएसआयच्या आसपास. हवा भरून गळती मोजली, तीही नावापुरतीच. "संपलेल्या" इंजिनाच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह इतके घट्ट नसतात.

प्लग परत लावताना मी सहज विचारलं, "टॅपेट कधी सेट केलेत?"

"हल्ली दर दोन-तीन महिन्यांनी करावेच लागतात," ते म्हणाले. "सगळे नाही. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट तेवढा सैल होतो."

मालकांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. टॅपेट सेट करणं म्हणजे रॉकरवरच्या स्क्रूने व्हॉल्व्हवरची फट जुळवणं. ती आपोआप वाढत नाही. वरचा स्क्रू हलत नसेल तर खाली काहीतरी झिजतंय.

रॉकर कव्हर काढलं, डायल गेज बसवला आणि इंजिन हाताने फिरवत एकेक व्हॉल्व्ह किती उघडतो ते मोजलं. सात व्हॉल्व्ह दहा मिलिमीटरच्या थोडे वर. तिसरा एक्झॉस्ट सहालाही पोचेना. कॅमचा तो लोब, व्हॉल्व्ह ढकलणारा उंचवटा, गुळगुळीत होऊन बसला होता.

आता बॅक मारण्याचा उलगडा झाला. एक्झॉस्ट पुरता उघडत नाही, त्यामुळे जळलेला वायू सिलिंडरात अडकून राहतो. मग इनलेट उघडला की तो तापलेला, दाबाखालचा वायू समोर मिळालेल्या वाटेने, म्हणजे कार्बोरेटरातून, उलटा निघतो. कमी फेऱ्यांवर बाहेर पडायला वेळ मिळतो म्हणून भागून जातं, वरच्या फेऱ्यांवर भागत नाही. कॉम्प्रेशनची परीक्षा मात्र हे दुखणं दाखवत नाही, कारण व्हॉल्व्ह बसतात नीट. ते उघडत नाहीत, एवढंच.

दुपारच्या सुटीत मी डायलचा फोटो आणि दोन ओळी कोल्हापूरला दादाला पाठवल्या. तो अजून इंजिनंच बांधतो. लगेच उत्तर आलं: "लेका, टॅपेट टाईट करून करून लोब खाल्ला की त्येनं. इंजिन कशाला बदलालाय त्यो?"

पण गिऱ्हाइकाचा मुद्दा तसा चुकीचा नव्हता. क्रॉसफ्लोमध्ये टॅपेट खालून बसवलेले असतात, ते वरून ओढून काढता येत नाहीत. कॅम बदलायचा तर इंजिन उतरवून, चेंबर (तळाची तेलाची टाकी) काढून, उलटं टांगावं लागतं, म्हणजे टॅपेट आपल्या वजनाने कॅमपासून दूर सरकतात. "उतरवायचंच आहे, तर परत तेच कशाला चढवता? ट्रेलरमधलं घाला!" ते म्हणाले.

मालकांनी कागद घेतला. झेटेकचा ब्लॉक लोखंडी, उंचीही जास्त, म्हणजे बॉनेटखाली बसतंय का ते आधी बघा. मूळ चेंबर इतक्या बुटक्या चासीखाली रस्त्याला घासेल, तो वेगळा घ्या. बेलहाउसिंग, माउंटिंग, एक्झॉस्ट, सगळं नवं. फ्युएल इंजेक्शन ठेवायचं तर जास्त दाबाचा पंप, परतीची लाइन, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग. मागे जुन्या एस्कॉर्टचा एक्सल, तो वाढलेला टॉर्क किती दिवस सोसेल? शिवाय नवा इंजिन नंबर डीव्हीएलएला (इथल्या वाहन नोंदणी खात्याला) कळवा आणि विमा कंपनीलाही. आणि एवढं सगळं करून नाकावर वजन वाढणार. जी गाडी मनगटाच्या हालचालीने वळते, तिला पुढे ओझं लावायचं मला तरी जिवावर येतं. झेटेक वाईट नाही, नव्याने बांधायला घेतलेल्या गाडीत मी ते आनंदाने बसवीन.

त्यांनी दोन्ही बेरजा बघितल्या, चहा मागवला, आणि कॅमवर आले.

सेव्हनचं इंजिन उतरवणं हे आमच्या कामातलं सुख आहे. नाक काढा, बॉनेट उचलून बाजूला ठेवा, क्रेन लावा. संध्याकाळपर्यंत इंजिन स्टँडवर उलटं होतं. तिसऱ्या एक्झॉस्टचा टॅपेट हातात आला तेव्हा त्याच्या तळाला बशीसारखा खळगा पडलेला. चांगला टॅपेट किंचित फुगीर असतो आणि लोबाला बारीकसा उतार असतो. त्यामुळे टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज वाटली जाते. फिरणं थांबलं की लोब एकाच जागी घासत खाल्ला जातो.

तेल कुठलं घालता, असं विचारल्यावर त्यांनी अभिमानाने सांगितलं: एकदम आधुनिक, सिंथेटिक, ५डब्ल्यू-३०. आजच्या इंजिनाला उत्तम. पण जुन्या सपाट टॅपेटांना लागणारं जस्त-फॉस्फरसचं मिश्रण अशा तेलांत कमी केलेलं असतं, कारण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. या गाडीला कन्व्हर्टरच नाही. महागडं तेल घालून कॅम उपाशी ठेवला होता.

नवा कॅम आणि आठही नवे टॅपेट, कारण जुना टॅपेट नव्या कॅमवर घालणं म्हणजे पैसे पाण्यात. लोबांवर काळी मॉलिब्डेनम पेस्ट, आत जस्तवालं २०डब्ल्यू-५०. आधी प्लग काढून स्टार्टरवर फिरवत तेलाचा दाब आणला. या कामात खरी धाकधूक पहिल्या स्टार्टची असते. इंजिन पेटल्या पेटल्या दोन ते अडीच हजार फेऱ्यांवर न्यायचं आणि वीस मिनिटं तिथेच धरायचं. आयडलवर सोडायचं नाही, कारण लोबांवर तेल मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांनी पडतं आणि कमी फेऱ्यांवर ते पुरत नाही. ती वीस मिनिटं मालक थ्रॉटलपाशी, मी तेलाच्या गेजपाशी, आणि गिऱ्हाईक बाहेर अंगणात येरझाऱ्या घालत.

मग जेट परत १३० वर आणले, आयडल जेट लहान केले, दोन्ही कार्बोरेटर हवेच्या मीटरने जुळवले. त्यांची गाडी १९८४ ची, त्या काळच्या गाड्यांना एमओटीत (इथल्या वाहन तपासणीत) आयडलवर ४.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो. आधी सात लागत होता, आता साडेतीन. रोलरवर चाकांवर १०३ घोडे, आणि आलेख सहा हजारांच्या पुढेही चढताच.

गृहस्थांनी दोन्ही आलेख शेजारी धरून बराच वेळ बघितले. मग पैसे देता देता म्हणाले, ट्रेलर परत ओढत नेण्यापेक्षा ते झेटेक तुम्हीच विकत घेता का?

"ठेवून जा," मालक म्हणाले. "जुनं इंजिन संपलं म्हणत कुणीतरी येईलच."