फ्रान्सच्या गावातला धुण्याचा दगड

मागच्या वर्षी लेकीकडे पॅरिसला गेले होते. म्युझियमं वगैरे सगळं बघून झालं पण माझ्या मनात घर करून बसलंय ते बर्गंडीतल्या तोनेर नावाच्या छोट्या गावातलं धुणं धुवायचं ठिकाण. फॉस दिओन म्हणतात त्याला. जमिनीतून वर येणारा निळा-हिरवा झरा, भोवती गोल दगडी हौद आणि कडेने अर्धगोल कौलारू छप्पर. १७५८ साली लुई देऑन नावाच्या तिथल्या माणसाने हे बांधून घेतलं, धुणाऱ्या बायकांना पावसात आडोसा मिळावा म्हणून. मी त्या कठड्याला हात लावून उभी राहिले आणि एकदम गिरगावातली आमची चाळ आठवली, मागच्या अंगाचा सामायिक नळ, त्याखालचा काळा दगड आणि पहाटेपासून बालद्यांची रांग.

अशा जागेला फ्रेंचमध्ये लाव्हवार म्हणतात. खेडोपाडी आहेत, पण बरेचसे नंतरचे, एकोणिसाव्या शतकातले. त्याआधी बायका नदीकाठी चिखलात गुडघे टेकून धुवायच्या. मग १८३२ ला कॉलऱ्याची मोठी साथ आली, १८४९ ला परत आली, आणि स्वच्छतेचा प्रश्न सरकारला टाळता येईना. ३ फेब्रुवारी १८५१ ला कायदा झाला, सार्वजनिक न्हाणीघरं आणि धुण्याच्या जागा बांधायला ६ लाख फ्रँक मंजूर झाले, थोडा खर्च सरकारचा बाकीचा गावाचा. कित्येक ठिकाणी बांधल्याचं साल दगडात कोरलेलं आहे.

मला सगळ्यात आवडली ती पाण्याची सोय. बऱ्याच गावांत झऱ्याचं पाणी आधी माणसांना प्यायला, तिथून पुढच्या हौदात गुरांना आणि शेवटी धुण्याला. धुण्याच्या हौदातही पाणी जिथून आत येतं तिथे खळबळायचं आणि साबण लावायचा तो खालच्या अंगाला. आमच्या चाळीतही नळाच्या तोंडाशी कोण बसणार यावरून कितीदा बोलाचाली व्हायच्या, त्यामुळे हे लगेच पटलं!

पण रोज धुणं नसायचं हं त्यांच्याकडे. रोजचे किरकोळ कपडे वेगळे, पण चादरी-टॉवेल-शर्ट असं मोठं धुणं वर्षातून दोनदा निघायचं, म्हणूनच लग्नात मुलीला डझनावारी चादरी द्यायचे. हे धुणं तीन दिवस चालायचं आणि त्या दिवसांना नावं होती. पहिला दिवस पर्गेटरी, म्हणजे स्वर्गाआधी पापं जिथे फिटतात ती जागा, त्या दिवशी कपडे भिजत घालायचे. दुसरा दिवस नरक, मोठ्या पिंपात कपडे रचून वर लाकडाची राख पसरायची आणि त्यावरून उकळतं पाणी ओतत राहायचं, खालून निथळलेलं परत तापवायचं, परत ओतायचं, दिवसभर हेच. राखेतल्या खाराने मळ सुटतो. माझी आजी चादरी सोडा घालून तांब्याच्या हंड्यात उकळायची, त्याचा वास अजून आठवतो. आणि तिसरा दिवस स्वर्ग, सगळं हातगाडीवर घालून लाव्हवारला न्यायचं, थापीने बडवायचं, खळबळायचं, पिळायचं आणि नीळ द्यायची. नीळ तिथेही होतीच.

थंडीतसुद्धा हे चालायचं, हौदावर बर्फाचा पापुद्रा असला तर फोडून. कौलारू छप्पर बघून फोटो काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पुरुषांना तिथे काम नसायचं. आपल्या महालक्ष्मीच्या धोबीघाटावर उलटं, तिथे बहुतेक पुरुष आणि तो त्यांचा धंदा. लाव्हवार म्हणजे घरोघरच्या बायका आणि काही पैसे घेऊन दुसऱ्यांचं धुणाऱ्या. कुणाच्या चादरीवर काय डाग आहे, कुणाकडे बाळाची दुपटी आली, सगळं तिथे कळायचं. फ्रेंचमध्ये म्हणच आहे की घरातलं मळकं धुणं घरातच धुवावं. आपणही म्हणतोच की, कुणाची तरी धुणी धुणं!

दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघर नळ आले, मागोमाग मशीन आलं आणि लाव्हवार ओस पडले. काही पाडले, काही डागडुजी करून आता फुलांच्या कुंड्या ठेवून जपलेत. आमची चाळ गेली तेव्हा तो काळा दगड डेब्रिसबरोबर गेला. तेव्हा कुणालाच सुचलं नाही ठेवून घ्यायचं, मलाही नाही. त्याचं वाईट वाटतं.

परत आल्यावर आईला फोटो दाखवले. ती ऐंशीची आहे, आयुष्यभर उकिडवं बसून धुतलंय. कठडा बघून तिने पहिला प्रश्न विचारला, "गुडघ्यावर बसून धुवायच्या? मग गुडघ्याखाली काय घ्यायच्या गं?" मी सांगितलं, तीन बाजूंनी बंद असलेली लाकडी पेटी असायची, आत पेंढा नाहीतर चिंध्या भरून त्यात गुडघे टेकायच्या, म्हणजे पाणीही अंगावर उडत नसे. आईने फोटो मोठा करून परत बघितला आणि म्हणाली, "पेंढा ओला झाला की रोज बदलावा लागत असेल."