एका सिद्रामच्या मागे दोन महिने

आमच्या घरात पहिल्यापासून सांगतात की १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लागला, त्या वेळी आज्जाला दंड झाला होता आणि त्याचं नाव पेपरात आलं होतं. कुठल्या पेपरात, कुठल्या तारखेला, काय माहीत नाही. आज्जाचा मुलगा म्हणजे आमचे आण्णा आता ऐंशीच्या पुढे गेलेत, म्हणून यंदा उन्हाळ्यात ठरवलं की ते असेपर्यंत ही बातमी शोधून त्यांच्या हातात द्यायचीच.

आज्जाचं नाव सिद्राम. सोलापुरात ग्रामदैवतच सिद्धरामेश्वर, त्यामुळे हे नाव दर दुसऱ्या घरात, आमच्यात तर आज्जाचा सख्खा चुलतभाऊ पण सिद्रामच आणि दोघं एकाच मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर.

आधी ऑनलाइन जुने इंग्रजी पेपर बघितले, गावाचं आत्ताचं स्पेलिंग टाकलं तर काहीच येईना, मग कळलं की इंग्रज शोलापूर लिहायचे, एसच्या पुढे एच टाकल्यावर १९३० च्या मे महिन्याच्या बातम्याच बातम्या आल्या. १२ मेला मार्शल लॉ लागला ते होतं, पुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चार हुतात्म्यांना फाशी दिली ते पण होतं. पण साध्या मिल कामगाराचं नाव इंग्रजी पेपर कशाला छापतोय.

मग एका जुन्या वाचनालयात मराठी पेपरच्या बांधीव फायली. पान जरा जोरात उलटलं की कड हातात येते, म्हणून दोन्ही हातांनी खालून उचलून उलटायचं. आणि नाव तरी किती तऱ्हांनी! शिद्राम, सिधराम, सिद्रामप्पा, सिद्धाराम, कुठं नुसतं रा. सिद्राम. एक गड्ड्यावरच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या कुस्तीत, एक लिलावाच्या नोटिशीत, एक बाळीवेशीत दुकान उघडलेला. मी सगळे वहीत उतरवत गेलो, तारीख, पेठ, धंदा, बापाचं नाव. ज्यांना शोधायचं असेल त्यांना हेच सांगेन, स्पेलिंगवरून माणूस सापडत नाही, पेठ आणि बापाच्या नावावरून सापडतो.

दोन महिन्यांनी एका यादीत दिसलं, ‘शिद्राम बिन शिवलिंगप्पा, साखर पेठ, गिरणींत साचेवाला’, पुढे दंडाची रक्कम. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. माझ्या पणजोबांचं नाव शिवलिंगप्पा नाही. ते चुलत पणजोबांचं.

म्हणजे दंड भरला चुलत आज्जानं. त्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्याची गोष्ट सांगायला कोण राहिलं नाही, ती हळूहळू आमच्या आज्जाच्या नावावर आली.

घरी येऊन फोटो दाखवला, मला वाटलं आण्णांना वाईट वाटेल. त्यांनी मोबाईल डोळ्याजवळ धरून ती ओळ दोनदा मोठ्यानं वाचली, मग म्हणाले, "धाकटे आप्पा. मला खांद्यावर बसवून गड्ड्याला न्यायचे रे." हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांचा एकही फोटो आमच्याकडं नाही.

रात्री आण्णांनी वही मागवून घेतली आणि त्या ओळीच्या पुढं स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘आमचे काका’.