उद्यमनगरातली लाइटसेबर
भाचीला गॅदरिंगला ‘स्टार वॉर्स’ सिनेमातला ल्यूक स्कायवॉकर व्हायचंय. ऑनलाइन लाइटसेबरच्या, म्हणजे त्याच्या प्रकाशाच्या तलवारीच्या, किमती बघितल्या आणि ठरवलं, आपणच करायची.

१९७७ च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’मधली ल्यूकची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी! सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चननं ती शोधून काढली, वर काळ्या पट्ट्या चिकटवल्या. अस्सल वस्तूच जुन्या सामानातली, मग आपल्याला अडचण कसली?

आज शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांना मोबाइलवर फोटो दाखवला. “लेकरासाठी हाय व्हय?” म्हणत त्यांनी ढिगातून ॲल्युमिनियमच्या पाइपचा तुकडा काढला, चकमध्ये धरला, हाताला लागू नये म्हणून दोन्हीकडच्या कडा मोडून दिल्या. पैसे काही घेईनात. अशी माणसं कोल्हापुरातच!

घरी येऊन सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून मुठीवर चिकटवल्या. पात्याच्या काठीला गाड्यांना लावतात ते रेडियम गुंडाळलं. सिनेमातही पात्याला प्रकाश परतवणारा लेपच होता. अंधारात टॉर्च मारला आणि पातं असलं लखलखलं, नाद खुळा!

खालची कडी तेवढी राहिलीय, कमरेच्या पट्ट्याला अडकवायची. उद्या पापाच्या तिकटीला चपलांच्या दुकानात विचारतो.